मधली गोळी

गोळी खाली पडली तेव्हा 'टक्' असा एकदाच आवाज झाला. मग काही नाही.

थोरला भाऊ हातात पाना तसाच धरून कान टवकारून बसला. पोलादाची गोळी, वाटाण्याएवढी. फरशीवर पडल्यावर ती दोन-तीनदा उडायला हवी, घरंगळायला हवी, भिंतीला जाऊन आपटायला हवी. पण शेडचा पत्रा उन्हाने कुरकुरत होता, तेवढाच आवाज. तो ट्रॅक्टरवरून उतरला, गुडघे टेकले आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली हात घातला. हाताला तेलाचा चिखल लागला, एक जुना वायसर लागला, उंदरांनी कुरतडलेली चिंधी लागली. गोळी लागली नाही.

बुधवारची दुपार होती. उद्यापासून ट्रॅक्टर धाकट्याचा.

सहा वर्षांपूर्वी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सगळ्याचे दोन तुकडे झाले. घरात मध्ये भिंत आली, शेतात मध्ये बांध आला, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. जॅक धाकट्याकडे गेला आणि पान्यांची पेटी थोरल्याकडे. म्हणजे चाक उचलायचं एकाने आणि काढायचं दुसऱ्याने. वडिलांच्या ट्रॅक्टरचे मात्र तुकडे करता येईनात. मग सोमवार ते बुधवार थोरला, गुरुवार ते शनिवार धाकटा, आणि रविवारी ट्रॅक्टरला झाडाखाली विश्रांती, असं ठरलं. दोन्ही घरांत मिळून आठवड्याची सुट्टी मिळणारा तेवढा एकच जीव होता. त्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे.

त्याच वर्षी बांध वीतभर सरकला. कुणी सरकवला यावरून दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि त्या दिवसापासून बोलणं तुटलं. आई होती तोवर इकडचे निरोप तिकडे न्यायची. ती गेली, आणि मग भाऊ बोलायचे ते म्हातारीशी. धाकटा ऐकू जाईल एवढ्या अंतरावर असला की थोरला बोनेटवर थाप मारून म्हणायचा, "म्हातारे, पंख्याचा पट्टा झिजला गं तुझा. कुणाच्या लक्षात येईल तेव्हा येईल." दुसऱ्या दिवशी धाकटा पट्टा आणून बसवायचा आणि तितक्याच मोठ्याने म्हणायचा, "घे म्हातारे. काही लोकांना नुसतं तोंड चालवता येतं." सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. दोघी जावा मात्र विहिरीवर तास तासभर बोलायच्या. त्यांना बोलू नका असं सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

मंगळवारी दुसरा गिअर टाकताना दांडा अडायला लागला, म्हणून बुधवारी थोरल्याने गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडलं. आत तीन जाड सळ्या शेजारी शेजारी असतात. दांडा एक सळई ढकलतो, ती आपला गिअर पाडते, आणि तेवढ्यात सळ्यांच्या मधली गोळी शेजारणीच्या खाचेत जाऊन तिला जागेवर धरून ठेवते. गोळी असली की एका वेळी एकच गिअर पडतो. नसली तर दोन एकदम पडू शकतात आणि गाडी जागच्या जागी जाम होते. त्याहून वाईट म्हणजे वर दांडा न्यूट्रलमध्ये मजेत डुलत असतो आणि खाली कुठला तरी गिअर पडलेलाच असतो. हे वडिलांनी दोघांनाही शिकवलं होतं. थोरल्याने जुनं ग्रीस खरवडलं, सळ्या बाहेर काढून पुसल्या, आणि परत बसवताना गोळी दोन बोटांतून निसटली.

"काय शोधताय?" त्याची बायको, थोरली, दारात येऊन उभी राहिली.

"काही नाही."

"काही नाही शोधायला माझी धान्याची चाळणी कशाला लागते?"

थोरल्याने शेडमधली माती चाळणीतून खाली सोडली. हाती चार खडे आणि एक खिळा आला. मागच्याच महिन्यात बाजाराच्या गावचा मेकॅनिक त्याला म्हणाला होता, दादा, आता डोळे तपासून घ्या. आणि चारचौघांत थोरल्याने त्याला ऐकवलं होतं की ही गिअरबॉक्स मी डोळे मिटून उघडतो आणि डोळे मिटून बसवतो. आता डोळे सताड उघडे ठेवून त्याने गोळी हरवली होती. हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगणार?

त्याने सुट्या सामानाचा डबा उपडा केला. सायकलच्या गोळ्या होत्या, त्या बारीक. नवी आणायची तर दिवस मोडणार. चार दिवस झाले शेताला वाफसा आला होता. माती मुठीत धरली तर गोळा व्हायची आणि सोडली तर सुटायची. आणखी तीन-चार दिवसांत ती दगड झाली असती, आणि धाकट्याच्या अर्ध्या रानाची नांगरट बाकी होती. उद्या ट्रॅक्टर दिला नाही तर तो काय काय बोलेल हे थोरल्याला पाठ होतं. शेवटी त्याने गोळीशिवाय झाकण बसवलं, बोल्ट आवळले आणि म्हातारीला बांधावरच्या झाडापर्यंत नेऊन बघितलं. पहिला पडला, दुसरा पडला, मागचाही पडला.

चालते की, तो स्वतःशी म्हणाला. सकाळी सांगू. सांभाळून चालवला तर काही होत नाही.

गुरुवारी सकाळी अंगावर घोंगडं घेऊन तो बांधावर गेला. रस्ताभर त्याने शब्द जुळवून ठेवले होते. म्हातारे, मधली गोळी नाही तुझ्या पोटात. दांडा दमाने टाकू दे, आणि खाली उभं राहून तुला चालू करणाऱ्याला आधी चाक हलवून बघू दे. एवढंच बोलायचं आणि मागे फिरायचं.

धाकटा त्याच्या आधीच आला होता. त्याने डिझेलच्या टाकीत काडी बुडवली, वर काढली आणि उजेडात धरली. काडीचं टोक तेवढं ओलं होतं. टाकी भरून गाडी द्यायची हा दोन्ही घरांचा नियम, आणि गोळीच्या नादात थोरला नेमका तो विसरला होता.

"म्हातारे," धाकटा थोरल्याकडे पाठ करून म्हणाला, "रात्री कोण पिऊन गेलं गं तुझं डिझेल? बाहेरचं कुत्रं आलं नसणार. घरातलंच मांजर असणार."

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चूक आपली आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कुणाला येत नाही. जुळवून आणलेले शब्द घशातच राहिले आणि दुसरेच बाहेर पडले.

"म्हातारे, मांजरांना दुसरीही कामं असतात म्हणावं."

आणि तो घराकडे वळला. मागे धाकट्याने कॅनमधलं डिझेल ओतलं आणि म्हातारी चालू झाली. धाकट्याने पहिला टाकला, काही कुरकुर न होता. थोरल्याने श्वास सोडला.

दिवस वर आला. थोरला आणि थोरली आपल्या बाजूला ढेकळं फोडत होते. थोरल्याचा हात ढेकळावर आणि कान बांधापलीकडे. आवाजावरून त्याला सगळं कळत होतं. आता नांगराच्या तासाच्या शेवटाला पोचला, आता नांगर उचलला, आता मागचा गिअर, आता परत पहिला. प्रत्येक वळणाला त्याची पाठ ताठ व्हायची आणि नांगर मातीत शिरल्याचा दबका आवाज आला की सैल व्हायची. असं वीस-पंचवीस वेळा झालं.

मग 'खडाड्' असा आवाज आला आणि सगळं एकदम शांत झालं.

थोरल्याने मान वर केली. म्हातारी बांधाजवळच्या वळणावर उभी होती, नांगर वर उचललेला. मागचा गिअर काढून पहिला टाकताना गेली, हे त्याने तिथूनच ओळखलं. धाकटा सुकाणूवर आदळला होता. तो हळूहळू सरळ झाला, बाहीने नाक पुसलं आणि बाही बघितली. बाही लाल झाली होती.

"अगं बाई!" थोरली म्हणाली. "अहो, जा ना बघायला."

"त्याचा वार आहे."

"वार त्याचा असेल. काल दिवसभर ती उघडून कोण बसलं होतं?"

थोरल्याची नजर म्हातारीवरून हटत नव्हती. धाकट्याने क्लच दाबून धरला. दांडा पुढे ढकलला, मागे ओढला. दांडा नुसता वरणातल्या डावासारखा फिरत होता. मग त्याने खाली उतरून चाकाला खांदा लावला. चाक केसभरही हललं नाही. दोन गिअर.

थोड्या वेळाने धाकटी बांध ओलांडून आली. साडीचा ओचा खोचलेला, पायाला ओली माती.

"ताई, चौदाचा पाना हवाय. यांना झाकण उघडायचंय."

थोरली पेटी आणायला गेली. बांधावर थोरला आणि धाकटी दोघेच. एवढी सरळ संधी देवानेही ताटात वाढून दिली नसती. गोळी नाही म्हणावं आत, सहा शब्दसुद्धा लागले नसते. पण मग ती विचारणार, तुम्हाला कसं माहीत? आणि माहीत होतं तर सकाळी का नाही सांगितलंत?

"सांभाळून म्हणावं त्याला," थोरला म्हणाला.

"काय सांभाळून, भाऊजी?"

"सगळंच."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. सासू गेल्यापासून या माणसाच्या तोंडून नवऱ्यासाठी आलेला हा पहिला निरोप, आणि त्यात काही सांगितलेलंच नव्हतं. ती पाना घेऊन गेली.

धाकट्याने झाकण उघडलं. आत वाकून बघितलं. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. मग एकदम ट्रॅक्टरवरून उतरला आणि खालची माती चाचपायला लागला. आधी हाताने, मग पाटीत भरून. पाटी हलवायचा, फेकायचा, परत भरायचा. अर्धा तास तेच चाललं होतं. तो काय शोधतोय हे थोरल्याला कळेना, आणि कळून घ्यायचं धाडसही होईना. धाकटी दोनदा त्याला पाणी प्यायला बोलवून गेली. शेवटी त्याने पाटी बाजूला टाकली, परत वर चढला आणि टॉमीची लोखंडी कांब आत घालून सळईला जोर दिला. तिसऱ्या झटक्याला 'टक्' असं वाजलं. एक सळई सुटली.

धाकट्याने दांडा डुलवून बघितला. मोकळा. त्याने झाकण ठेवलं, दोनच बोल्ट बोटांनी फिरवले आणि खाली उतरला. मागच्या खिशातून लांब पेचकस काढला.

म्हातारीची किल्ली दोन वर्षांपूर्वी मेली होती. नवी कुणी आणायची यावर म्हातारीशी पुष्कळ बोलून झालं होतं, आणि आणली कुणीच नव्हती. तेव्हापासून दोघेही खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस आडवा लावायचे. ठिणगी उडायची आणि गाडी चालू व्हायची. उभं राहायचं ते मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात. दुसरी जागाच नव्हती.

एक सळई सुटली. एकच. दुसरी?

थोरल्याच्या हातून फावडं पडलं. तो धावला. ढेकळांत पाय मुरगळला, चप्पल राहिली, तो तसाच धावला. धाकटा वाकला होता, पेचकस स्टार्टरजवळ गेला होता. थोरल्याने होता नव्हता तेवढा जीव गोळा करून हाक मारली, आणि त्याच्या तोंडातून आलं,

"म्हातारे, थांब! थांब गं म्हातारे!"

धाकट्याने मान वळवून बघितलं. नाकाखाली रक्त वाळलं होतं. त्याने ओठ वाकडे केले, तोंड फिरवलं आणि पेचकस टेकवला.

म्हातारीने उडी मारली. इंजिन एकदाच गरजलं, मोठं चाक अर्ध्या हाताएवढं पुढे गेलं, आतून परत तो 'खडाड्' आवाज आला आणि सगळं जागच्या जागी बंद पडलं. अर्धवट सुटलेली सळई धक्क्याने परत आत गेली होती.

धाकटा खाली बसला होता. निदान लांबून तसं वाटलं, दमून बसल्यासारखं. थोरला जवळ पोचला तेव्हा त्याला दिसलं की डाव्या पायाचं पाऊल दिसत नाही. घोट्यापर्यंत पाय होता आणि पुढे टायर होता.

"पाय," धाकटा हळू आवाजात म्हणाला, आपली एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखा. मग त्याने बघितलं आणि मग तो ओरडला.

"छोट्या!" थोरला गुडघ्यावर पडला. "छोट्या, हलू नको. हलू नकोस रे."

दोघी बायका धावत आल्या. धाकटीने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. थोरलीने फावडं मारलं, पायाखालची माती काढावी म्हणून. पहिल्याच घावाला ठिणगी उडाली. बांधालगत वर बोटभर माती आणि खाली सलग कातळ होता.

"जॅक?" थोरल्याने विचारलं.

"ट्रकवाल्याला दिलाय," धाकटी म्हणाली. "गेल्या वर्षीपासून त्याच्याकडेच..."

थोरल्याने चाकाला खांदा लावला. थोरलीने लावला. चाक म्हणजे जमिनीतून उगवलेला दगड. त्याने हाताने क्लच दाबून धरला आणि बायकोला ढकलायला सांगितलं, तरी नाही. क्लचने काही होणार नव्हतं, हे त्याला माहीतच होतं. गिअर सोडवल्याशिवाय चाक मागे जाणार नव्हतं.

"पहार आण," तो थोरलीला म्हणाला. "आणि जीपवाल्याला हाक मार. पळ."

तो पलीकडच्या बाजूने चढला. सीटवर बसला असता तर त्याचं वजन त्याच चाकावर आलं असतं, म्हणून तो पोटावर आडवा झाला आणि झाकणाचे बोल्ट बोटांनी काढले. आत तेल चकाकत होतं. दोन सळ्या पुढे-मागे सरकलेल्या, आणि दोघींच्या मधलं भोक रिकामं. त्याने त्या भोकाकडे बघितलं. आपण काल ते याच डोळ्यांनी बघून वर झाकण लावलं, हे त्याला खरंच वाटेना.

टॉमी लावून त्याने जोर दिला. सळई हलेना. दातांवर सगळा भार येऊन ती आवळली होती. भार कमी करायचा तर चाक केसभर मागे झुकायला हवं, आणि चाक झुकवायचं म्हणजे पायावरच पहार दाबायची. थोरली परत आली होती. तिने पहार टायरखाली घातली. धाकटीने नवऱ्याचं डोकं घडी केलेल्या घोंगड्यावर ठेवलं आणि तीही पहारीला लागली.

"दाबा!"

धाकट्याच्या किंकाळीने झाडावरचे पक्षी उडाले. टॉमी सटकली, थोरल्याच्या बोटांची सालं सोलवटली. सळई तशीच.

"थांबा. थांबा जरा."

धाकट्याचे दात वाजत होते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे उघडे होते आणि ते वर थोरल्याकडे बघत होते.

"दादा," तो म्हणाला.

सहा वर्षांनी आलेला तो शब्द थोरल्याच्या पाठीत घुसला.

"बोलू नकोस."

"दादा, गोळी माझ्याकडनं पडली रे. मधली गोळी. झाकण उघडलं तेव्हाच पडली असणार, मला कळलंच नाही. सगळी माती चाळली मी. सापडली नाही." त्याने श्वास घेतला. "तू काल नीट करून दिली होतीस. मीच वाट लावली."

गिअरबॉक्समधला थोरल्याचा हात थांबला. तेलातून हाताला एकदम थंडी वाजायला लागली. खाली दोन बायका पहारीवर ओणव्या होऊन त्याच्या शब्दाची वाट बघत होत्या.

"नंतर बोलू," तो कसाबसा म्हणाला. "आता दातांत काहीतरी धर."

धाकटीने पदराचा बोळा नवऱ्याच्या तोंडात दिला. "दाबा!" थोरला ओरडला, आणि या वेळी किंकाळी बोळ्यात अडली. त्याने टॉमीवर छाती टाकली. नाही. परत एकदा. थोरलीच्या हाताची कातडी पहारीला चिकटून निघाली, तरी तिने पहार सोडली नाही. चौथ्या खेपेला 'टक्' वाजलं. थोरल्याने दुसरी सळईही मध्ये आणली, दोघींच्या खाचा एका रेषेत आहेत की नाही हे वाकून, बोट फिरवून, परत वाकून बघितलं. दांड्यावर आता त्याचा विश्वास नव्हता.

"ढकला."

म्हातारी एखाद्या गरीब गाईसारखी मागे सरकली. खाली जे दिसलं ते बघून थोरलीने तोंडावर हात घेतला. थोरल्याने अंगातला सदरा काढून त्यावर गुंडाळला.

जीप आली. धाकट्याला उचलून मागे ठेवताना जीपवाला थोरल्याला म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून. दुसरा कुणी असता तर नुसता बघत बसला असता."

थोरला त्याच्याकडे न बघता मागे चढला आणि सदऱ्याची गाठ धरून बसला.

दवाखान्यात त्याच संध्याकाळी डावं पाऊल काढलं. डॉक्टर म्हणाले, हाडांचा चुरा झालाय, ठेवण्यासारखं काही नाही. धाकटीने अंगठा नव्हे, नीट सही केली आणि मग बाकावर बसून एकाच जागी बघत राहिली. येणारे-जाणारे भेटायला यायचे. प्रत्येकाला धाकटी तेच सांगायची: यांच्या हातून गोळी पडली, पण भाऊजींनी सोडवलं, सहा वर्षांचं वैर विसरून पोटावर आडवे होऊन सोडवलं. ऐकणारे थोरल्याच्या पाठीवर हात ठेवायचे. शेवटी रक्ताचं नातं ते, असं म्हणायचे. तो प्रत्येक हात थोरल्याला चटका दिल्यासारखा लागायचा. घरचा डबा तो उघडायचा आणि झाकण लावायचा. रात्र बाकावर बसून काढायचा, पण धाकट्याच्या खाटेजवळ जायचा नाही. धाकटा शुद्धीवर आला आणि त्याने दोनदा विचारलं, दादा कुठाय? तेव्हा तो चहा आणायला गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी त्याच्यासाठी कप घेऊन आली.

"भाऊजी, आत चला. ते तुमचीच वाट बघतायत. आणि एक सांगू? त्यांना समजवा. झोपेतही गोळी गोळी करतात. एवढ्याशा गोळीसाठी स्वतःला किती शिव्या द्यायच्या?"

थोरला उठला. तो आत गेला. खाटेजवळ स्टूल होतं, पण तो बसला नाही.

"छोट्या," तो म्हणाला, "ती गोळी तुझ्याकडनं पडली नाही."

"मग कुणाकडनं पडली?"

"माझ्याकडनं. बुधवारी. मी तशीच बंद केली."

धाकटीच्या हातातला कप वाकडा झाला आणि चहा फरशीवर सांडला. तिने खाली बघितलंही नाही.

"काय म्हणतायत हे?" तिने नवऱ्याला विचारलं.

धाकटा उशीवरून उठायला गेला आणि तसाच परत पडला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायला अजून वेळ होता; आधी ऐकलेलं खरं आहे का हेच तो चाचपत होता.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. काही गाळू नको."

थोरल्याने पहिल्यापासून सांगितलं. गोळी कशी निसटली, चाळणी, सायकलच्या गोळ्या. झाडापर्यंत नेऊन बघितलं ते. बांधावर काय बोलायचं ठरवून आलो होतो ते. डिझेलचं बोलणं लागलं आणि तोंड मिटलं ते. पाना न्यायला धाकटी आली तेव्हाही सांगितलं नाही, ते. हे सांगताना त्याला तिच्याकडे बघता आलं नाही. ती भिंतीला टेकली होती आणि तोंडाने श्वास घेत होती.

"तू अर्धा तास माती चाळत होतास, ते मी पलीकडून बघत होतो," थोरला म्हणाला. "आता सगळं सांगितलं."

"सगळं नाही." धाकट्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू धावत आलास. ओरडलास. मी ऐकलं. मला वाटलं, ट्रॅक्टर जाम झाला म्हणून हा मजा बघायला आलाय आणि म्हातारीला टोमणा मारतोय."

"टोमणा नव्हता."

"मग म्हातारीला कशाला हाक मारलीस? मला का नाही मारलीस, दादा? नुसतं छोट्या म्हणाला असतास, तर मी हात मागे घेतला असता."

थोरला स्टूलवर बसला.

"तेच म्हणायचं होतं रे," तो म्हणाला. "तोंडात आलंच नाही. सवयच राहिली नव्हती."